जिलबी जेवत नाही

मराठी घरात माणूस नापास झालेला चालतो, न जेवता झोपलेला चालत नाही. नापास झालेल्याची समजूत काढता येते. 'मला भूक नाही' म्हणणाऱ्याचं काय करायचं? मग त्याच्या कपाळाला हात लावला जातो, जीभ बाहेर काढायला लावतात, 'बाहेर काही खाऊन आलास का' अशी उलटतपासणी होते आणि शेवटी 'निदान दहीभात तरी' या कलमाखाली त्याला शिक्षा सुनावली जाते. अशा घरात आठवड्यातून एकदाच जेवणारा, तेही मर्जी असली तर, असा एक सभासद दाखल झाला की काय होतं, ते मी सध्या कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट गावी राहून अनुभवतो आहे. हा सभासद म्हणजे माझ्या लेकीने पाळलेलं कॉर्न स्नेकचं पिल्लू.

लेकीला खरं तर कुत्रा हवा होता. बायकोला केसांची अ‍ॅलर्जी. मग लेकीने फेरेट शोधला. कॅलिफोर्नियात फेरेट पाळायला बंदी. मग काटेरी हेजहॉग. त्यालाही बंदी. "मग या राज्यात चालतं तरी काय?" असं मी वैतागून विचारलं आणि तिथेच फसलो. कारण लेकीकडे उत्तर तयार होतं, स्लाइडसकट. कॉर्न स्नेक. अमेरिकेच्याच आग्नेय भागातला, न्यू जर्सीपासून फ्लोरिडापर्यंत सापडणारा, संपूर्ण बिनविषारी साप. भुंकत नाही. केस गळत नाहीत. पहाटे फिरायला न्यावं लागत नाही. आणि शेवटच्या स्लाइडवर मोठ्या अक्षरांत, 'पिल्लू पाच ते सात दिवसांतून एकदाच जेवतं.' जो माणूस पोटासाठी दिवसभर दुसऱ्यांना स्लाइड दाखवतो, तो स्वतः स्लाइड बघून इतका पटकन विरघळेल असं मला वाटलं नव्हतं.

शिवाय मी पुण्यात वाढलेला. पुणेकराला सापाचं भय नसतं, अभिमान असतो. नीलिमकुमार खैरे १९८० साली ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास राहिले, त्यांनीच पुढे कात्रजला सर्पोद्यान उभं केलं, हे मी इथल्या सहकाऱ्यांना असं सांगत आलो आहे, की त्यातले निदान दहा-बारा साप मीच धरून बसलो होतो. प्रत्यक्षात पिल्लू घरी आलं तेव्हा त्याची डबी मी ओव्हनचे हातमोजे घालून उघडली. आत फूटभरसुद्धा लांबी नसलेलं, केशरी रंगाचं, लाल डोळ्यांचं काहीतरी होतं. केकचं पीठ मोजायच्या काट्यावर ठेवलं तर काट्यालाही पटेना. आधी शून्य दाखवून, थोडा विचार करून तो म्हणाला, ७ ग्रॅम.

माझी आई तेव्हा सहा महिन्यांसाठी पुण्याहून आलेली होती. घरात साप येणार म्हणून तिने दोन दिवस अबोला धरला होता. पण ते वेटोळं घालून बसलेलं केशरी प्रकरण बघितलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "अगं बाई, जिलबी!" नाव ठेवलं की माणूस अडकतो. दुसऱ्या दिवशी तिने खोबरं काढून झालेली एक करवंटी घासूनपुसून, कडेला खाच पाडून जिलबीला लपायला घर म्हणून दिली. तिसऱ्या दिवशी तिने तो प्रश्न विचारला, ज्याच्या भोवती पुढचे कित्येक आठवडे आमचं घर फिरणार होतं.

"तिने काही खाल्लं का?"

जिलबीचा आहार म्हणजे काही चैनीची गोष्ट नाही. नुकताच जन्मलेला, अंगावर केस न आलेला, डोळे मिटलेला, एक-दोन ग्रॅमचा उंदीर. याला इथे पिंकी म्हणतात. अंगावर लव आली की तो फझी, उड्या मारायला लागला की हॉपर आणि मग सगळे मोठे उंदीर, अशा इयत्ता आहेत. साप जसा वाढेल तसा तो वरच्या इयत्तेत जातो. नियम एकच. सापाचं अंग जिथे सगळ्यात जाड असेल, उंदीर साधारण तेवढा किंवा किंचित जास्त जाड हवा.

"आणि त्याबरोबर काय?" आईने विचारलं.

"त्याबरोबर काही नाही, आजी."

"नुसताच? भाजी, कोशिंबीर, काहीतरी ओलं?"

"आजी, ती फक्त मांस खाते. हाडांमधून कॅल्शियम मिळतं, आतड्या-काळजातून जीवनसत्त्वं. ती सगळंच्या सगळं खाते."

"म्हणजे ताटात काही टाकत नाही," आई म्हणाली आणि माझ्या ताटातल्या कारल्याकडे बघत राहिली.

हे पिंकी गोठवलेले येतात, पाकिटातून, घरपोच. ज्या घरात अंडंसुद्धा फक्त केकच्या आडून येतं, त्या घराच्या फ्रीझरमध्ये ओलं खोबरं, आमरस, सोललेले मटार, उकडीचे मोदक आणि त्यांच्या शेजारी उंदीर, अशी वस्ती झाली. आईने वर्तमानपत्राचा जाड गठ्ठा मधे लावून सीमारेषा आखली. पाकिटाला आणखी एक पिशवी, तिला आणखी एक, आणि सगळ्यात वरती तिच्या अक्षरात चिठ्ठी, 'हात लावू नये.' परिणाम असा, की मराठी मंडळाचे एक पदाधिकारी बर्फ घ्यायला म्हणून फ्रीझर उघडून उभे राहिले आणि हात लावू नये असं काय बरं लपवलंय, या कुतूहलाने तीनही पिशव्या सोडून बसले. त्या दिवशी त्यांनी आमच्याकडे जेवण घेतलं नाही. आईला ते फार लागलं. घरात न जेवणारे आता दोन झाले होते.

कारण जिलबीने तोंड फिरवलं होतं.

गोठवलेला उंदीर सापाला द्यायचा म्हणजे एक विधी असतो. तो आधी पिशवीत घालून कोमट पाण्यात ठेवायचा. मायक्रोवेव्हमध्ये अजिबात नाही, तो शिजतो किंवा फुटतो, आणि नंतरचा तो मायक्रोवेव्ह कोण पुसणार यावर लग्नं मोडतात. आतपर्यंत वितळला की त्याच्या अंगात थोडी ऊब आणायची, कारण गार उंदराचा वास सुटत नाही आणि वास सुटला नाही तर साप त्याला अन्न म्हणून मोजतच नाही. त्यासाठी काही जण केसांचा ड्रायर वापरतात. आमच्याकडे मी ड्रायर धरून उंदराच्या नाकावर गरम वारा घालतोय आणि आंघोळ करून आलेली बायको दारात उभी राहून तो ड्रायर ओळखायचा प्रयत्न करतेय, असं एक दृश्य घडलं. नवा ड्रायर त्याच संध्याकाळी आला. कोमट पाण्यासाठी मी जो मग वापरला त्यावर 'जगातला सर्वोत्तम बाबा' असं लिहिलेलं होतं. आता त्या मगातून घरात कुणी चहा पीत नाही. सर्वोत्तम बाबासुद्धा नाही.

मग चिमटा. उंदीर हाताने द्यायचा नाही, नाहीतर सापाला बोट आणि जेवण एकच वाटायला लागतं. म्हणून लांब चिमट्यात धरून, त्याच्यात जीव आहे असं भासवत हलवायचा. मी खणातून चिमटा काढला आणि मन लावून उंदीर नाचवला. डावीकडे, उजवीकडे, थरथरत, दबकत. जिलबी मान मागे घेऊन शेपटीचं टोक इतक्या जोरात थरथरवायला लागली, की खालच्या लाकडाच्या भुशाचा आवाज येऊ लागला. घाबरलेला कॉर्न स्नेक असं करतो.

"नको म्हणतेय बघ," आई म्हणाली. मग जरा वाकून बघत, "हा पापड भाजायचा चिमटा आहे ना रे?"

नवा चिमटाही त्याच संध्याकाळी आला.

आठवडा गेला, तरी जिलबी जेवली नाही. मी ती बातमी एका मित्राला फोनवर सांगितली. मराठी माणसाला एक गोष्ट सांगितली की ती सगळ्या मंडळाला कळते आणि मंडळाला कळली की सल्ले सुरू होतात. एकाने सांगितलं, दृष्ट काढा. एकीने कळवलं, आमचा धाकटा असाच होता, समोर टीव्ही लावला की जेवायचा. एका काकांनी नागपूरहून फोन करून 'दूध पाजा' म्हणून बजावलं. लेकीने त्यांना शांतपणे समजावलं, की साप सस्तन प्राणी नाही, दूध त्याला पचत नाही आणि गारुड्याचा साप दूध पितो तो बरेच दिवस पाण्यावाचून ठेवलेला असतो म्हणून.

हे ऐकून आई अस्वस्थ झाली. "मग एवढी वर्षं आम्ही वारुळापाशी ठेवलेलं दूध कोण पीत होतं?"

"मांजर," लेक म्हणाली.

सगळ्यात शास्त्रीय सल्ला माझ्या ऑफिसातल्या एका अमेरिकन सहकाऱ्याने दिला. त्याच्याकडे चार साप आहेत आणि बायको नाही. तो म्हणाला, रानात या सापांची पिल्लं सुरुवातीला छोटे सरडे आणि झाडावरचे बेडूक खातात. काही पिल्लांना उंदीर म्हणजे अन्न हे पटतच नाही. तेव्हा उंदराला सरड्याचा वास लाव. पुण्याच्या आमच्या घरात ट्यूबलाइटमागे पालींचं सहकारी गृहनिर्माण होतं, तेव्हा हा सल्ला कुणी दिला नाही. फ्रीमाँटमध्ये परसात दिसतात ते कुंपणावरचे सरडे. मी हातात वितळलेला उंदीर घेऊन एका सरड्यामागे धावलो. सरड्याची धाव कुंपणापर्यंत असते हे शाळेत शिकलो होतो. पण कुंपणापलीकडे शेजारी उभा असतो, हे कुणी शिकवलं नव्हतं.

"सगळं ठीक?" त्याने विचारलं.

"जेवणाची वेळ," मी उंदीर दाखवत म्हणालो. तेव्हापासून तो आमच्याकडच्या समोश्यांना पोट बरं नसल्याचं सांगतो.

मग उरला अंधाराचा उपाय. भोकं पाडलेल्या एका छोट्या डब्यात साप आणि पिंकी दोघांना ठेवायचं, झाकण लावायचं, डबा अंधाऱ्या उबदार जागी ठेवायचा आणि रात्रभर बघायचं नाही. ही शेवटची अट फार महत्त्वाची. लाजरं पिल्लू कुणाचं लक्ष नसेल तेव्हाच खातं. सापाच्या बाजूने हा उपाय उत्तम आहे. तो फसतो माणसांच्या बाजूने. मध्यरात्री मी पाणी प्यायला म्हणून उठलो, मोबाइलची बॅटरी लावून कपाटापाशी गेलो, तर तिथे आई टॉर्च घेऊन उभी. ती म्हणाली, "गोळी घ्यायची राहिली होती." आम्ही दोघं डब्यावर वाकलो, तेवढ्यात मागून तिसरा प्रकाश पडला. बायको म्हणाली, तिला कपडे काढून ठेवायचे होते, इस्त्रीला. रात्री दोन वाजता. तीन बाजूंनी पडलेल्या उजेडात जिलबीने पिंकीकडे पाठ केली आणि डब्याच्या कोपऱ्यात डोकं खुपसलं. सकाळी लेकीने तो उंदीर फेकून दिला आणि आमच्या तिघांशी दिवसभर बोलली नाही.

एवढ्यात नागपंचमी आली. आईने पुरणाची दिंडं उकडली, तवा चुलीवर चढवला नाही, सुरी-विळीला हात लावू दिला नाही. त्या दिवशी चिरायचं नाही, कापायचं नाही, तळायचं नाही. पाटावर नागाचं चित्र काढता काढता ती थांबली. म्हणाली, "प्रत्यक्ष देवता घरात असताना मी चित्राची पूजा का करू?" हळदकुंकू, दूध आणि लाह्या घेऊन ती काचेच्या पेटीकडे निघाली आणि लेक आडवी झाली. बऱ्याच वाटाघाटींनंतर पेटीच्या बाहेर, चार बोटं अंतरावर, एक फूल ठेवण्याची परवानगी मिळाली.

दुपारी मंडळाचे तेच पदाधिकारी आले. मागचं विसरले होते, शिवाय दिंडांचा वास दारापर्यंत पोचला होता. त्यांनी कुठूनसा नवा उपाय आणला होता. तो खोटाही नाही. हट्टी पिल्लासाठी पिंकीच्या डोक्याला ब्लेडने बारीक चीर देतात. आतला वास आला की साप तोंड लावतो.

"आज?" आईचा आवाज चढला. "आज आमच्याकडे भाजीसुद्धा चिरत नाहीत, आणि तुम्ही डोकं चिरायला सांगताय?"

"पण ते सापासाठीच ना, काकू."

"सापासाठीच तर आज चिरत नाहीत!"

या युक्तिवादाला अजून कुणाकडे उत्तर नाही.

शेवटी आम्ही डॉक्टरकडे गेलो. सरपटणाऱ्या प्राण्यांची डॉक्टर. तिने जिलबीला बोटांवर घेतलं, तोंड बघितलं, वजन केलं. पेटीत गरम बाजूला किती तापमान आहे विचारलं. मी अभिमानाने २९ अंश सेल्सिअस सांगितलं, थर्मोस्टॅट लावून. ती म्हणाली, छान आहे. वजन टिकून आहे, पिल्लू ठणठणीत आहे. मी विचारलं, औषध? ती म्हणाली, "हे बघा, एक काम करा. काहीच करू नका." बिल आलं तेव्हा कळलं, की काहीच न करण्याचा सल्ला अमेरिकेत सगळ्यात महाग असतो. त्याचं कारणही मला पटलं. तो पाळायला सगळ्यात कठीण आहे.

घरी आल्यावर आई पेटीशी नाक लावून बसली होती. काही वेळाने तिने हाक मारली. "अरे, हिला मोतीबिंदू झालाय."

आईचं स्वतःचं ऑपरेशन झाल्यापासून तिला जगात सगळीकडे मोतीबिंदू दिसतो. पण या वेळी मी बघितलं तर खरंच, जिलबीचे लाल डोळे दुधाळ, निळसर झाले होते आणि अंगाचा केशरी रंग मळकट दिसत होता. लेक धावत आली, तिने बघितलं आणि आनंदाने ओरडली, "आजी, ती कात टाकणार आहे!" साप कात टाकायच्या आधी जुन्या आणि नव्या कातडीच्या मधे द्रव साठतो. सापाला पापण्या नसतात, डोळ्यांवरही कातडीचीच पारदर्शक चकती असते, तीही त्यामुळे धूसर होते. त्या काळात त्याला नीट दिसत नाही, तो चिडचिडा होतो आणि पुष्कळ साप जेवायला नकार देतात. या बाईला महिनाभर नवं घर, तीन टॉर्च, ड्रायर, पापडाचा चिमटा आणि एक सबंध मराठी मंडळ सोसावं लागलं होतं. त्यात आता कात.

"म्हणजे दिसत नाही म्हणून जेवत नव्हती," आई म्हणाली. डॉक्टरच्या बिलापेक्षा हे निदान स्वस्त पडलं.

काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ झाले आणि एका सकाळी करवंटीपाशी कात सापडली. उलटी होऊन निघालेली, नाकापासून शेपटीपर्यंत अखंड, डोळ्यांवरच्या दोन चकत्यांसकट. आईने ती उजेडात धरून बघितली आणि म्हणाली, "कुठेही फाटली नाही हो. गुणाची आहे." ती कात आता तिच्या पोथीत आहे.

त्या संध्याकाळी लेकीने पिंकी चिमट्यात न धरता करवंटीच्या दाराशी नुसता ठेवला आणि आम्हाला सोफ्यावर बसवून ठेवलं. पाच फूट अंतर, टॉर्च जप्त. आधी करवंटीच्या खाचेतून जीभ आली. दुभंगलेली, लवलवती. मग मान, इंग्रजी एस काढल्यासारखी. मग काही दिसलंच नाही. दिसलं तेव्हा उंदीर वेटोळ्यात होता. मेलेला, गोठवलेला, वितळलेला, ड्रायर खाल्लेला उंदीर तिने रीतसर आवळला. शिस्त म्हणजे शिस्त. मग तिने वेटोळं सैल केलं, उंदराचं डोकं शोधलं आणि तिथून सुरुवात केली. सापाच्या खालच्या जबड्याचे दोन भाग पुढे एकमेकांना घट्ट जोडलेले नसतात. एकदा डावा भाग पुढे, एकदा उजवा, असं करत तिने तो घास आत चालवत नेला. गळ्यात एक फुगीर जागा तयार झाली आणि हळूहळू मागे सरकू लागली. शेवटी तिने जबडे पुन्हा जागेवर आणायला दोनदा भलीमोठी जांभई दिली.

"चावून खाल्लं नाही," आई कुजबुजली. पण डोळ्यांत पाणी होतं.

खरी मजा त्यानंतर झाली. जेवल्यानंतर निदान दोन दिवस सापाला हात लावायचा नाही, त्याला उचललं किंवा घाबरवलं तर तो खाल्लेलं सगळं बाहेर काढतो आणि मग पुन्हा दहा-बारा दिवस त्याला काही देता येत नाही, असं लेकीने सांगितलं. आईने हे एकदा ऐकलं आणि पेटीसमोर खुर्ची टाकली. मी दिवाणखान्यातून जाताना ती 'श्श!' करी. मिक्सर लावायचा नाही. दार आपटायचं नाही. मंडळातल्या बायका जिलबी बघायला आल्या, तर त्यांना आईने व्हरांड्यातच चहा दिला. "आत्ताच जेवली आहे. पडू द्या तिला." ज्या बाईने आयुष्यात एकाही पाहुण्याला 'आणखी घ्या' म्हटल्याशिवाय सोडलं नाही, ती आता सगळ्यांना बजावत होती, की जेवणाच्या बाबतीत कुणाला आग्रह करू नये, भूक लागली की खाते, नसेल लागली तर आपण गप्प बसावं. मी हे ऐकत उभा होतो. मला भरून आलं. वाटलं, चाळीस वर्षांनी का होईना, आपल्या ताटालाही स्वातंत्र्य मिळणार.

त्याच रात्री मी पोट भरल्यावर ताटावर हात आडवा धरला. आईच्या हातात पोळी तशीच होती.

"आई, बास."

"एकच घे."

"अगं, जिलबीला तू आग्रह करत नाहीस. ती नको म्हणाली की ऐकतेस. मग माझं का ऐकत नाहीस?"

आईने पोळीवर तूप सोडलं, माझा हात बाजूला केला आणि पोळी वाढली.

"ती नको म्हणते तेव्हा नाकापासून शेपटीपर्यंत कात टाकून दाखवते. तू आधी टाक, मग नको म्हण."